चौक लिहिला कुणी?

बोईसर स्टेशनवर संध्याकाळी बाकावर जागा मिळाली की समजावं, गाडी नुकतीच गेली आहे. त्या दिवशी मला जागा मिळाली, म्हणजे डहाणूहून विरारकडे जाणारी लोकल हुकली होती. बाकावर आधीच दोघे बसलेले. एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, पण उभी नोकरी पालघरात केलेले. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी. डहाणूकडच्या एका पाड्यावरचा वारली तरुण, तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर, आणि सुट्टीच्या दिवशी चित्रकार. त्याच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली कापडाची वळकटी होती. सरांच्या हातात टिपणांचे कागद होते.

मी दोघांनाही ओळखतो. पुढचं बोलणं आठवणीतून लिहिलं आहे, थोडं पदरचंही घातलं आहे. नावं दिलेली नाहीत. तरुणाने त्या दिवशी कंपनीतून आजारपणाचं कारण सांगून लवकर सुट्टी घेतली होती, एवढं कारण पुरेसं आहे.

सर : उघड बघू. वा! तारपा छान जमलाय. नाचणाऱ्यांचा वेढा कुठेच तुटलेला नाही. पण सही कुठे आहे रे?

तो : नाही केली. गिऱ्हाईक हॉटेलवालं आहे. म्हणालं, डिझाइन पाहिजे, सही नको.

सर : आणि तू ऐकलंस?

तो : रोख पैसे देतं, सर. तुमचं काय चाललंय? कागद कसले?

सर : शनिवारी वाचनालयात बोलायचंय. औंधचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. भवानराव त्यांचं नाव.

तो : सूर्यनमस्कारवाले?

सर : लोकांना तेवढेच माहीत आहेत. माझ्या लेखी तो माणूस आधी चित्रकार, मग कलेचा अभ्यासक आणि मग राजा. 1868 चा जन्म. बी. ए. झालेले, 1909 मध्ये गादीवर आले. कीर्तन स्वतः करायचे. 1916 साली साठ चित्रांचं रामायण छापलं, चित्रं स्वतःच्या हातची. मग 1929 मध्ये वेरूळवर आणि 1932 मध्ये अजिंठ्यावर इंग्रजीत पुस्तकं लिहिली. लेणी बघायला जाणाऱ्याच्या हातात असावीत अशी.

तो : फुरसत होती त्यांना.

सर : फुरसत सगळ्याच संस्थानिकांना होती. कुणी घोडे पाळले, कुणी वाघ मारले. ह्यांनी संग्रहालय बांधलं.

तो : पैसा कुणाचा?

सर : रयतेचा. ते मी लपवत नाही. औंध म्हणजे बहात्तर गावांचं संस्थान, तेही सलग नाही. साताऱ्यापासून विजापूरपर्यंत तुकडे विखुरलेले. खटाव, आटपाडी, सगळा अवर्षणाचा मुलूख. माझा आजा त्याच पट्ट्यातला.

तो : मग तर जास्तच वाईट, सर. पाऊस नसताना तुमच्या आजाने सारा भरायचा आणि राजाने रविवर्म्याची चित्रं घ्यायची.

सर : आजाने सारा भरला, आणि नातवाने रविवर्मा पाहिला. हे दोन्ही खरं आहे. मी दहाएक वर्षांचा असेन. यात्रेला यमाईच्या डोंगरावर गेलो होतो. देवी वर, मूळपीठावर. आणि डोंगराच्या मध्यावर हे संग्रहालय, 1938 चं. देवीला जाणारा माणूस वाटेत थांबणारच. पायात चपला नाहीत, हातात नारळाची पिशवी, अशी आमच्यासारखी माणसं आत शिरली. वरून उजेड येत होता आणि त्यात भिंतभर तैलचित्रं. रविवर्मा होता, पहाडी लघुचित्रं होती, बंगाल शैली होती. हेन्री मूर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्प होतं. मला ते तेव्हा अर्धवट राहिलेलंच वाटलं. पुढे मुंबईला शिकायला गेलो, पुस्तकात हेन्री मूरचं नाव वाचलं, तेव्हा कळलं की लंडनचे लोक ज्याच्यासाठी रांगा लावतात ते मी नारळाची पिशवी हातात धरून बघितलं होतं. सांग, हे मला कोण देणार होतं?

तो : मोठं आहे, मान्य. पण बघा, तुम्ही काय काय सांगितलंत. रविवर्मा, पहाडी, बंगाल, इंग्रज. औंधच्या डोंगराखाली जी बाई दारात रांगोळी घालत होती, जी वाकळ शिवत होती, ती कुठे आहे त्या यादीत?

सर : ...

तो : राजाची नजर चांगली असेल. पण नजर एकाचीच. त्याला जे दिसलं ते जपलं गेलं. त्याला जे दिसलं नाही ते पावसात गेलं.

सर : नजर एकाची होती, पण ती शिकलेली नजर होती रे. साध्या हौशीचं हे काम नाही. तुला एक उदाहरण देतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. 1918 साली त्या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले ते ह्या राजांनी. 1918 चे लाख! तेराशेच्या आसपास हस्तलिखितं तपासून काम पूर्ण झालं 1966 मध्ये. राजे 1951 मध्येच गेले होते. आता त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाच्या आतलं पान बघ. संपादक सुकथनकर, आणि खाली लिहिलंय की चित्रं औंधच्या राजांची, प्राचीन नमुन्यांवरून काढलेली. प्राचीन नमुन्यांवरून! म्हणजे द्रौपदीला नऊवारी नेसवून मोकळं व्हायचं नाही. त्या काळी वस्त्र कसं होतं, मुकुट कसा होता, आसन कसं होतं, ते जुन्या शिल्पांत शोधायचं आणि मग कुंचला उचलायचा. घरात रविवर्मा टांगलेला असताना त्याची नक्कल न करता मागे अजिंठ्याकडे बघणं, ह्याला मी कलेचा इतिहासकार म्हणतो.

तो : द्रौपदी जुन्या दगडावरून काढता येते, सर. कारण तिच्या लोकांनी दगडात कोरून ठेवलं. शबरीचं काय? तिच्या घराच्या भिंतीचा नमुना कुठल्या लेण्यात सापडणार? आमच्याकडे दगड नव्हता. शेण होतं, गेरू होता, तांदळाचं पीठ होतं.

(चहावाला आला. सरांनी तीन कप घेतले आणि एक मला दिला. तिथून मीही त्या संवादात ऐकणारा म्हणून अधिकृत झालो.)

सर : बरं, राजाचं सोड. तुमच्याकडेही राजा होताच की. जव्हारचे मुकणे.

तो : होते. तेही डोंगरातलेच, महादेव कोळी. जव्हारला जयविलास राजवाडा आहे, लोक बघायला जातात. फोटो काढतात, परत येतात.

सर : तेच सांगतोय मी. जव्हारला लोक राजाचं घर बघायला जातात. औंधला लोक चित्रं बघायला जातात. राजाने घराबाहेर काढून ठेवली म्हणून ती बघायला मिळतात. आणि नुसती चित्रंच नाही, सत्ताही बाहेर काढून ठेवली. जानेवारी 1939 मध्ये औंधमध्ये घटना आली. गांधीजींशी सल्लामसलत झाली, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर त्यात होता, राजांचे चिरंजीव आप्पासाहेब होते. गावपंचायतीच्या हातात कारभार. स्वातंत्र्याला अजून आठ वर्षं होती तेव्हाची ही गोष्ट.

तो : चांगलं केलं. पण दिलं म्हणून मिळालं ना? एखादा दुसरा राजा असता तर नसतं मिळालं. माझी तक्रार तीच आहे. सगळं राजा कसा निघतो त्यावर.

सर : माणसं हेरायची दृष्टी होती त्यांना. लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये माळरान दिलं, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. सातवळेकर चित्रकार होते आणि वेदांचे पंडितही. त्यांना औंधला आधार दिला. ते पुढे 1948 नंतर पारडीला गेले. आपल्याच लाइनीवर, वापीच्या पुढे. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत काढली, स्वतंत्रपूर. त्याच धाग्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा निघाला, आणि त्याची कथा लिहिणारे माडगूळकर त्याच संस्थानातले.

तो : सर, एक विचारू? किर्लोस्कर, सातवळेकर, माडगूळकर. हे राजाच्या दारापर्यंत पोचले. वाचता येत होतं, बोलता येत होतं. माझी आजी चौक लिहायची. ती कुणाच्या दारापर्यंत पोचणार?

सर : लिहायची?

तो : आमच्यात चौक काढत नाहीत, लिहितात. लग्न लागायच्या आधी सवाशिणी बसतात. भिंत शेणाने सारवून गेरूने लाल करतात. तांदूळ भिजवून पाट्यावर वाटतात, पाणी घालून सरबरीत करतात. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की झाला ब्रश. मधे पालघाट देवी, चारी बाजूंनी नक्षीची चौकट. शेजारी पंचशिऱ्याचा देवचौक. धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, गाणं म्हणते. तिचं गाणं चाललंय तोवर देवी येते. पीठ वाळलं की रेषा पांढरी फटक उमटते, ओली असताना दिसतही नाही. म्हणजे लिहिणारी बाई अंदाजाने लिहीत असते, जवळजवळ आंधळेपणाने. दुसऱ्या दिवशी सकाळी घरचे बघतात तेव्हा रेषा चुकली की बरोबर आली ते दिसतं.

सर : हे तू मला शाळेत असताना कधी सांगितलं नाहीस.

तो : तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही वारली बॉर्डर शिकवायचात.

(सरांनी कप खाली ठेवला.)

सर : हो. एलिमेंटरीच्या परीक्षेला नक्षीकामात वारली बॉर्डर दिली की मार्क पडतात, असं मीच सांगायचो. चार माणसं, दोन झाडं, एक झोपडी. कडेकडेने. बायांची आणि देवीची गोष्ट मधली, आणि मी सगळ्या वर्गाला तिच्या कडेला बसवलं.

तो : तुमचं एकट्याचं नाही. आता सगळीकडे तेच. स्टेशनच्या भिंतीवर, कपावर, ओढणीवर. बघा माझ्या मांडीवर काय आहे.

सर : मग लग्न झाल्यावर त्या चौकाचं काय होतं?

तो : काही नाही. राहतो तोवर राहतो. धुराने काळा होतो, पावसात ओल येते, परत सारवलं की गेला. पुढच्या लग्नाला नवा. म्हणून तर मला तुमचं संग्रहालय पटत नाही. काचेत ठेवलं की देवी येणं बंद. जे दर लग्नाला नव्याने होतं त्याला जपून काय करायचं?

सर : आता मी बोलू? तुझा हा मुद्दा ऐकायला छान वाटतो. पण तू स्वतः कापडावर काढतोस, डिंक घालून, टिकावं म्हणून. जिव्या सोमा म्हसेंनी कागदावर काढलं म्हणून तुझ्या पाड्याचं नाव जगाला कळलं. आणि कागद त्यांच्यापर्यंत कुणी पोचवला?

तो : भास्कर कुलकर्णी.

सर : भास्कर कुलकर्णी! जपणारा होताच ना कुणीतरी?

तो : होता. पण राजा नव्हता, सर. हस्तकलेच्या सरकारी कामावर फिरणारा चित्रकार होता. आधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना त्याने कागद दिला, मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे आला. गंजाडला राहिला. त्याने घेण्याच्या आधी बघितलं. आणि मजा बघा. तोवर चौक लिहिणं बायकांचं काम. प्रसिद्धी मिळाली ती पुरुषाला. जिव्या दादांचा हात मोठाच होता, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, पॅरिसपर्यंत चित्रं गेली. 2018 मध्ये गेले ते. पण त्यांच्या आधी शेकडो वर्षं लिहिणाऱ्या बायकांपैकी एकीचं तरी नाव सांगा.

सर : नाही सांगता येत.

तो : मलाही नाही. माझ्या पणजीचं नावसुद्धा नाही येत मला. आणि तुमचा राजा? जन्मतारीख, गादीचं साल, पुस्तकाचं साल, सगळं तोंडपाठ.

सर : कारण ते लिहून ठेवलं गेलं.

तो : कारण तो राजा होता.

सर : दोन्ही. पण एक सांगतो. राजघराण्यातल्या शेकडो माणसांची नावं लिहून ठेवली गेली. आज कोण वाचतं? भवानरावांचं वाचावंसं वाटतं, कारण त्यांनी दुसऱ्यांची नावं जपली. चित्र घेतलं तर ते कुणाचं, कुठल्या शैलीचं, हे नोंदलं. संग्रहालयाचं खरं काम काच लावणं नाहीच. खरं काम नोंदवही. वस्तू कुठून आली, कुणी केली, कधी केली. ह्या नोंदीशिवायचं संग्रहालय म्हणजे नुसतं गोदाम.

तो : मग नोंदवहीला राजा कशाला लागतो?

सर : ...नाही लागत.

(इथे दोघेही थोडा वेळ गप्प राहिले. वरून अनाउन्समेंट झाली, गाडी दहा मिनिटं उशिरा.)

तो : जपानमध्ये निगाता भागात तोकामाची नावाचं गाव आहे. तिथे जुन्या शाळेच्या इमारतीत मिथिला म्युझियम आहे, 1982 पासूनचं. जपानी माणसाने काढलेलं. आमच्याकडचे चित्रकार तिथे राहून चित्रं काढून आलेत, जिव्या दादासुद्धा. माझ्या पोरीला मोठं वारली चित्र दाखवायचं तर जपानला न्यायचं का मी?

सर : म्हणजे तुला संग्रहालय हवंय!

तो : मला राजा नकोय, एवढंच. तारापूर अणुशक्ती केंद्राच्या तीन आणि चार नंबरच्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठलं. आता वाढवण बंदराचं चाललंय. गावं हलतात तेव्हा जमिनीची मोजणी होते, झाडांची होते, घराच्या चौरस फुटांची होते. भिंतीवर काय होतं ते कुठल्या रकान्यात लिहितात? आधी मला वाटायचं, मिटलं तर मिटलं, पुढच्या लग्नाला नवा चौक होईल. पण पुढच्या लग्नात आता हॉलच्या मागे फ्लेक्स लागतो. सवाशिणीला काडी चावायला वेळ नाही. मी स्वतः शिफ्टला असतो.

सर : म्हणजे तू माझ्याकडे सरकलास.

तो : आणि तुम्ही माझ्याकडे. राजा नाही लागत म्हणालात.

सर : म्हणालो. शनिवारी भाषणातही म्हणणार आहे. पण भवानरावांना मी सोडणार नाही. एक अडचण मला आयुष्यभर होती. मी मोठी कला समजायचो ती मुंबईतली, युरोपातली. औंधच्या डोंगराने मला शिकवलं की हेन्री मूर बघायला लंडनला जावं लागत नाही, खेड्यात येऊ शकतो. ही शिकवण मी पालघरला आणली, पण अर्धीच आणली. बाहेरचं खेड्यात यावं हे मला कळलं. खेड्यातलं खेड्यातच मोठं मानावं, हे नाही कळलं.

तो : मग करा आता. रिटायर झालात.

सर : काय करू?

तो : नोंदवही करा. तुमचं अक्षर चांगलं आहे. रकाने मी सांगतो. पाडा, घर, लग्नाची तारीख. चौक लिहिणाऱ्या बायांची नावं, सगळ्यांची, एकीचं नाही. धवलेरीचं नाव. गेरू कुठून आणला. चौकाचा एक फोटो, बायांनी परवानगी दिली तर. चौक पुसला जाऊ दे. तो पुसायचाच असतो. नाव पुसायचं नसतं.

सर : आणि पहिली नोंद?

तो : माझ्या बहिणीच्या लग्नाची. आई आणि दोन आत्या बसल्या होत्या. तीन नावं आजच देतो.

(सरांनी मागे कोरा असलेला भाषणाचा कागद काढला. औंधच्या राजांच्या टिपणाच्या पाठीवर उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि रकाने भरायला घेतले. तरुणाने एकेक नाव सांगितलं, गावासकट, माहेरच्या नावासकट. एक नाव सांगताना तो अडखळला. फोन लावून आईला विचारलं आणि मग सांगितलं.)

सर : आता ह्या वळकटीचं काय? सही?

तो : गिऱ्हाईक नको म्हणतं.

सर : गिऱ्हाईक समोरच्या बाजूला नको म्हणालं असेल. मागच्या बाजूला काय अडचण आहे? भवानरावांच्या हातची चित्रं त्यांच्या नावाने छापली गेली. तू राजा नाहीस म्हणून बिननावाचा राहणार?

त्याने वळकटी उलटी केली. सरांनी खिशातलं पेन दिलं. कापडावर शाई थोडी पसरली, पण नाव वाचता येत होतं. मग गाडी आली, आणि उभं राहायला जागा मिळवण्याच्या गडबडीत वाद तिथेच थांबला. उमरोळीनंतर पालघर आलं, सर उतरले. तरुण पुढे गेला.

औंधचं श्रीभवानी संग्रहालय आजही यमाईच्या डोंगरावर आहे. साताऱ्याकडे जाणं झालं तर अर्धा दिवस काढून जरूर जा. बहात्तर गावांच्या राजाने काय गोळा केलं, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. पण त्याआधी एक काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. आपल्या घरात कुणीतरी चौक लिहिला असेल, वाकळ शिवली असेल, रांगोळीचे ठिपके ज्याच्या-त्याच्या लक्षात राहतील असे घातले असतील. ती माणसं हयात आहेत तोवर एक साधी वही घ्या. वस्तूखाली नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा. त्यासाठी संस्थान लागत नाही, शंभर पानी वही पुरते.